घरात कॉकटील-बजी असताना दिवाळीची साफसफाई: फिनेल, अ‍ॅसिड, धूप यांचं काय करायचं?

निळी_खिडकी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोथरूडचा टू बीएचके फ्लॅट, हॉलमध्ये दोन कॉकटील आणि बजींची एक जोडी (दोन्ही लहान पाळीव पोपटांच्या जाती). दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. फरशीला फिनेल, बाथरूमला बाटलीतलं अ‍ॅसिड, कपाटांत डांबरगोळ्या, सोसायटीतर्फे पेस्ट कंट्रोल आणि सगळं झालं की धूप, असा नेहमीचा क्रम. यातलं पक्ष्यांजवळ काय चालतं आणि जे चालत नाही त्याच्याऐवजी काय वापरायचं? नुसतं "केमिकल टाळा" नको. किती मिली, किती वेळ, कोणत्या क्रमाने, असं सांगा. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, मागच्या गॅलरीत शहाबादी. उन्हाळ्यात पाणी टँकरचं.

रसायनी

आधी कारण सांगतो, म्हणजे प्रत्येक बाटलीबद्दल वेगळं विचारावं लागणार नाही.

आपली फुप्फुसं भात्यासारखी फुगतात आणि आकसतात. पक्ष्यांची तशी हलत नाहीत. त्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात (बहुतेक जातींत नऊ) आणि त्या हवा फुप्फुसातून एकाच दिशेने ढकलतात. त्यामुळे श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही फुप्फुसातून ताजी हवा जात असते. उडायला लागणारा ऑक्सिजन असा मिळतो, पण हवेत जे काही असेल तेही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतं. त्यात बजीचं वजन ३०-४० ग्रॅम आणि कॉकटीलचं ९० च्या आसपास. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी हे छोटे पक्षी ठेवत, ते याच गुणासाठी.

म्हणून प्रश्न "हे विषारी आहे का" असा विचारू नका. "हे हवेत उडतं का" असा विचारा. वास येतोय म्हणजे उडतंय. उलटं मात्र नेहमी खरं नसतं: कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि पिंजरा त्या पॅसेजमध्ये असेल तर आधी पिंजरा हलवा. खरं तर गीझरच बाहेर काढा, कारण तो माणसांनाही तितकाच धोक्याचा आहे.

आता तुमच्या यादीकडे.

फिनेल: पांढरं असो की काळं, त्यात पाइन तेल किंवा फिनॉलवर्गातली द्रव्यं असतात. दोन्ही नकोत. हॉलच्या टाइल्सना ८-१० लिटरच्या बादलीत कोमट पाणी आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, एवढं पुरतं. जास्त टाकलं तर फरशीवर चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि मग "फिनेलशिवाय स्वच्छ होतच नाही" असं घरात ऐकून घ्यावं लागतं. दुसरा हात साध्या पाण्याचा मारा.

बाथरूमचं अ‍ॅसिड: दारावर बिनलेबलच्या बाटलीत विकतात ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि त्याची वाफ झाकण उघडल्याबरोबर येते. ते घरात आणूच नका. टॉयलेट क्लीनरच्या मागच्या बाजूलाही तेच अ‍ॅसिड लिहिलेलं सापडेल, बहुधा १० टक्क्यांच्या आसपास, फक्त दाट केलेलं. कमोडपुरतं वापरायचं तर पक्षी दुसऱ्या टोकाच्या खोलीत, बाथरूमचं दार बंद, एक्झॉस्ट चालू. नंतर तीन-चार वेळा फ्लश करून आणखी अर्धा तास एक्झॉस्ट तसाच चालू ठेवा.

आणि ब्लीच व अ‍ॅसिड एकाच दिवशी एकाच बाथरूममध्ये नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियावाला काचेचा स्प्रे एकत्र आले तर क्लोरामाइन, तोही विषारी वायूच. मोरीच्या जाळीत आधीचं उरलेलं असतं, ते विसरू नका.

सदाशिवपेठी

कामाच्या मावशींना रोज समजावण्यापेक्षा दारावर पाटी लावा:
"घरात पक्षी आहेत. फिनेल, अ‍ॅसिड, उदबत्ती आणि सल्ले आत आणू नयेत."

हिरवी_गच्ची

आमच्याकडे सगळं नैसर्गिकच वापरतो. फरशीला कापराची पूड आणि कडुलिंबाचं तेल, पिंजऱ्याला व्हिनेगर-सोडा एकत्र, संध्याकाळी ऊद. नैसर्गिक असल्यामुळे पक्ष्यांना त्रास व्हायचं कारण नाही.

रसायनी

@हिरवी_गच्ची, कारण आहे. कापूर झाडापासून काढलेला असला तरी घन अवस्थेतून थेट हवेत उडतो, बंद डबीतही वडी झिजते ती त्यामुळेच. वरच्या कसोटीत तो पहिल्या फटक्यात नापास. डांबरगोळ्यांचंही तेच. ऊद, धूप, उदबत्तीत तर सरळ धूरच आहे. निलगिरी, टी-ट्री, सिट्रोनेला या तेलांचे डिफ्यूझर त्याच रांगेत. आरती करायची तर पक्षी आतल्या खोलीत ठेवा, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवा आणि आरतीनंतर गॅलरीचं दार उघडून हवा जाऊ द्या. तुपाचं निरांजन त्यातल्या त्यात सौम्य.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर फेस येतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि हाती राहतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. दोन्ही वापरा, पण वेगवेगळे: घासायला खायचा सोडा ओलसर करून, तो धुऊन टाकला की पांढऱ्या डागांवर व्हिनेगर.

किराणा दुकानातल्या सिंथेटिक व्हिनेगरवर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ४% लिहिलेलं असतं. ते निम्मं पाणी घालून वापरा. त्यालाही वास आहेच, त्यामुळे फवारताना पक्षी त्या खोलीत नकोत. आणखी एक: व्हिनेगर जंतुनाशक म्हणून कच्चं आहे. क्षार काढतं, थोडेफार जंतू मारतं, बुरशीच्या बीजाणूंवर भरवसा ठेवण्याइतकं नाही.

शहाबादीवर ते मुळीच नको. शहाबादी म्हणजे चुनखडक, त्याला आम्ल लागलं की चट्टे पडतात आणि पुढे मळ जास्त धरतो. कोटा आणि संगमरवराचंही तेच. गॅलरीत साबणपाणी आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश.

पिंजरा_आणि_जाळी

पिंजऱ्याचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

पहिली चूक म्हणजे कोरडी विष्ठा खरवडणं किंवा झाडणं. ती पूड होऊन हवेत जाते. क्लॅमिडिया सिटासी नावाचा जिवाणू असल्या धुळीतून माणसाला होतो (सिटाकोसिस: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया). म्हणून आधी कोमट पाण्याचा फवारा, ५-१० मिनिटं थांबा, मग पुसा. गजांवर वाळून दगड झालेल्या जागी ओलं फडकं गुंडाळून १५ मिनिटं ठेवा, नख न लावता निघतं. मोठ्या सफाईला एन-९५ मास्क घाला. घरात कुणी गरोदर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं असेल तर हे काम त्यांना देऊ नका. आणि घरात कुणाला असा ताप आलाच तर डॉक्टरांना "घरात पक्षी आहेत" हे आपणहून सांगा. एरवी ते विचारतीलच असं नाही आणि औषध त्यावर अवलंबून असतं.

रोजचं काम: ट्रेमधला कागद बदलणं, पाण्याची वाटी घासणं, खाली सांडलेली फळं-भाजी दोन तासांत उचलणं. ट्रेला साधा वर्तमानपत्राचा कागद सगळ्यात उत्तम, सकाळी वाचलेला 'सकाळ' संध्याकाळी कामाला येतो. मक्याच्या कणसाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा घालू नका. पावसाळ्यात तो खालून ओला राहतो, बुरशी धरतो आणि वरून कोरडा दिसत असल्याने आठवडाभर बदलला जात नाही. कागदावर विष्ठेचा रंग आणि पातळपणाही कळतो, भुश्यात काहीच दिसत नाही.

पाण्याच्या वाट्यांचे दोन संच ठेवा, स्टीलच्या. तुळशीबागेत मिळतात त्या साध्या वाट्यासुद्धा चालतात, फक्त अडकवायची कडी नीट बघा. बोट फिरवलं की आतून बुळबुळीत लागतं तो जंतूंचा थर असतो. तो नुसत्या विसळण्याने जात नाही, घासावा लागतो. एक संच वापरात, दुसरा धुऊन उन्हात. टँकरच्या पाण्याने पांढरा थर येतो. त्याला लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं), अर्धा तास भिजवून धुवा.

आठवड्याला एकदा पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवून ट्रे, तळाची जाळी आणि दांड्या बाहेर काढा, साबणपाण्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन तास पुरतात. जुलैत पंख्याखाली रात्रभर ठेवावं लागतं, म्हणून जास्तीच्या दांड्या हव्यात.

निर्जंतुक करणं रोजचं काम नव्हे. आजारी पक्षी होता, नवा पक्षी आणायचा आहे, जुना पिंजरा घेतला आहे, अशा वेळी. तेव्हा घरगुती ब्लीच (४-५% सोडियम हायपोक्लोराइट) लिटरभर गार पाण्यात ३० मिली. गरम पाण्यात वाफ जास्त सुटते. पिंजरा आधी साबणाने पूर्ण स्वच्छ केलेला हवा. विष्ठा शिल्लक असेल तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं आणि वर क्लोरामाइनचा तिखट वास सुटतो. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग वास जाईपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा. हे सगळं गच्चीवर किंवा गॅलरीत, पक्षी घरात आणि गॅलरीचं दार बंद. द्रावण त्याच दिवशी संपवा, उद्या त्यात दम राहत नाही.

लाकडी दांड्यांना ब्लीच नको, आत मुरतं आणि नीट निघत नाही. त्या घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात उलटसुलट करून वाळवा. भेगा पडल्या की टाकून पेरूची नवी फांदी घ्या, फवारणी न झालेल्या झाडाची. दोरीचे झुले गरम पाण्यात धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको. धागे सुटायला लागले की झुला कचऱ्यात: धागा पायाला आवळतो किंवा गिळला जाऊन पोटात अडकतो.

गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) जाळीचा घरी बनवलेला पिंजरा असेल तर वेगळं बघायला हवं. नव्या जाळीवर जस्ताचे थेंब आणि पांढरी पूड असते. पक्षी चोचीने चढतात, त्यातून जस्ताची विषबाधा होते. वापरण्याआधी व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासा आणि लगेच धुवा. पुढे मात्र त्या जाळीला दर आठवड्याला व्हिनेगर लावू नका, आम्लाने जस्त आणखी सुटतं. पैसे असतील तर सरळ स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घ्या.

कढई_काकू

किचनचं कुणीच लिहिलं नाही!

नॉनस्टिकवरचा थर (पीटीएफई) साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे विघटित व्हायला लागतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर राहिला तर काही मिनिटांतच तिथे पोचतो. त्या वायूने पक्ष्याच्या फुप्फुसात पाणी आणि रक्त भरतं आणि बहुतेक वेळा उपचाराला वेळच मिळत नाही. माणसाला कदाचित काहीच जाणवणार नाही. "पीएफओए-मुक्त" लेबलावर जाऊ नका. ते बनवताना वापरायच्या द्रव्याबद्दल आहे, थर पीटीएफईचाच असू शकतो.

डोशाचा तवा सगळ्यांच्या लक्षात येतो. हे राहून जातं: सँडविच टोस्टर, अप्पेपात्र, एअर फ्रायरची जाळी, इस्त्रीचा तळ, काही रूम हीटर आणि हेअर ड्रायर. नवीन हीटर किंवा ओव्हन पहिल्यांदा तापवताना येणारा जळका वास पक्षी घरात असताना येऊ देऊ नका.

बिडाचा तवा, लोखंडी कढई, स्टील, यांनी काम अडत नाही. बिडाचा तवा नव्याने सीझन करताना (तेल लावून तापवताना) तेलाचा दाट धूर होतो, तो गच्चीवर करा. मिरच्यांची फोडणी, ठेचा परतणं, तळणीचं तापलेलं तेल, यालाही चिमणी किंवा एक्झॉस्ट हवाच. चकल्यांच्या दिवशी पिंजरा किचनपासून सगळ्यात लांबच्या खोलीत. ओपन किचन असेल तर हॉलमध्ये पिंजरा ठेवणंच चुकीचं, धागाकर्तीने हे तपासावं.

हिरवी_गच्ची

कापराचं पटलं, बंद करते. मग डासांचं काय करायचं? आमच्याकडे नदीपात्राजवळ संध्याकाळी बसवत नाही.

जाळीदार

खिडक्यांना बारीक जाळी, आणि दारं साडेपाचला लावायची, साडेसहाला नव्हे. कॉइल आणि लिक्विड मशीन दोन्ही नको, मशीनमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं कीटकनाशक तापवून हवेत सोडतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, पण गजांपासून चार बोटं लांब, नाहीतर कुरतडतात आणि नखं अडकतात. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या बश्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. नुसत्या ओतल्या तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

पेस्ट कंट्रोल: झुरळांसाठी जेलचे ठिपके मागा. कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी, सिंकखाली, फ्रिजमागे लावतात, हवेत काही जात नाही. बाहेर सोडलेला पक्षी तिथे पोचणार नाही एवढं बघायचं. स्प्रे किंवा वाळवीचं ड्रिलिंग असेल तर पक्षी फ्लॅटबाहेर, निदान दोन दिवस, आणि आणण्याआधी फरशी दोनदा पुसून. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल जिन्यात आणि डक्टमध्ये होतं, ते बाथरूमच्या खिडकीतून आत येतं. सेक्रेटरींकडून तारीख आधी घ्या आणि त्या दिवशी डक्टकडच्या खिडक्या बंद ठेवा. उंदरांचे चिकट पॅड पक्षी मोकळे सोडता त्या खोलीत अजिबात नकोत.

पंखवैद्य

वरचं बहुतेक बरोबर आहे. मी फक्त काही बिघडलं तर काय, एवढं लिहितो.

लक्षणं: चोच उघडी ठेवून श्वास, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, दांडीवर तोल जाणं. पक्षी आजार लपवतात. तुम्हाला दिसतंय म्हणजे बराच पुढे गेलेला असतो, "उद्या बघू" नको.

ताबडतोब मोकळ्या हवेत न्या. वायूचा उगम बंद करायला एक माणूस, पक्षी बाहेर काढायला दुसरा. एकटेच असाल तर आधी पक्षी. छोट्या खोक्यात ठेवा, अंधूक उजेड, ऊब ३० अंशांच्या आसपास (गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला, म्हणजे नको असेल तर पक्षी बाजूला सरकू शकतो). तोंडात पाणी, मध, हळद काही घालू नका, श्वास लागलेल्या पक्ष्याच्या ते श्वासनलिकेत जातं. सारखं हातात धरू नका. पक्ष्याला डायफ्राम (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास होतो. घट्ट धरलं की तो बंद.

बरं वाटल्यासारखं झालं तरी डॉक्टरला दाखवा. फुप्फुसातली सूज काही तासांनी वाढू शकते. आणि पुण्यात सगळेच पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत. सफाईला सुरुवात करण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: पक्षी बघता का, ऑक्सिजन आहे का, रविवारी उघडं असतं का.

निळी_खिडकी

सगळ्यांचे आभार! ओपन किचन नाही, पण पिंजरा किचनच्या दारासमोरच आहे, तो आजच हलवते. दोन प्रश्न उरले. कॉकटीलची पांढरी भुकटी टीव्हीवर, पंख्यावर सगळीकडे बसते, तिचं काय? आणि एका बेडरूमला रंग द्यायचा आहे.

पिंजरा_आणि_जाळी

भुकटी पिसांचीच असते, कॉकटीलना भरपूर. आठवड्यातून दोन-तीन वेळा साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून त्यांना आंघोळ घाला, सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत वाळतात. निम्मी भुकटी तिथेच कमी होते. पंखे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू मारला की सगळी परत हवेत. व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा (बारीक धूळ अडवणारा) हवा, साध्या व्हॅक्यूमच्या मागून बारीक धूळ पुन्हा बाहेर पडते. एअर प्युरिफायर घेणार असाल तर आयोनायझर किंवा ओझोनचं बटण नसलेला घ्या, असेल तर कायम बंद ठेवा.

आणि सफाई चालू असताना पक्षी मोकळे सोडू नका. पंखा चालू, पोछ्याची बादली उघडी, कमोडचं झाकण वर, गॅलरीचं दार सताड: दिवाळीच्या आठवड्यात हे सगळं एकाच वेळी असतं.

रसायनी

रंगाला पाण्यावर आधारित, कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी द्रव्यं कमी असलेला) डबा मागा. दारं-ग्रिलचा ऑइलपेंट आणि थिनर यंदा राहू द्या, नाहीतर पक्षी पंधरा दिवस नातेवाईकांकडे. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधा. ओल्या भिंतीवर रंग मारला की मागे बुरशी वाढते आणि पक्ष्यांना अ‍ॅस्परजिलसचा त्रास (त्या बुरशीचा श्वसनाचा आजार) नेमका तिथून होतो. पुट्टी घासताना खोलीच्या दाराला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा. साध्या इमल्शनलाही निदान तीन-चार दिवस द्या. पाचव्या दिवशी खोली दोन तास बंद ठेवून मग आत जा: तुम्हाला वास आला तर अजून नाही.

संपादक_मदत

धाग्यावर दोघांनी विपूतून (खासगी विचारपुशीतून) "हिरवा पोपट" पाळण्याबद्दल विचारलं आहे. आपला कीर पोपट आणि पहाडी पोपट पाळणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, इथे त्याबद्दल सल्ला मिळणार नाही. सन कनूर, आफ्रिकन ग्रे यांसारखे परदेशी पक्षी असतील तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे नियम बघा. बजी आणि कॉकटील नोंदणी लागणाऱ्या जातींच्या यादीत नाहीत.

सदाशिवपेठी

पाटीत सुधारणा: "पोछ्याच्या बादलीत काय आहे हे विचारल्याशिवाय ती आत आणू नये. विचारल्यावर 'काही नाही' हे उत्तर ग्राह्य धरले जाईल, मात्र वास घेतला जाईल."